सर्वांनी म्हणायची ओळ

मुलांनो, जरा डोळे मिटा. येरवड्यातलं एक जुनं चर्च डोळ्यांपुढे आणा. साल दोन हजार तीन. खराडीला ज्वारीच्या शेतांशेजारी काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. बाहेर भुरभुर पाऊस. उपासना चालू होती. सगळी मंडळी खाली बसली… आणि एक तरुण एकटाच उभा राहिला!

शेजारी बसलेल्या नम्रताने प्रार्थनापुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. “पान एकवीस.”

“देवाशी बोलायला पान नंबर लागतो?”

“आम्हाला नाही, पाठ आहे. तुम्हाला कधी बसायचं ते कळायला लागतोय.”

तो लाजून बसला. हा जयसिंग. खराडीत सॉफ्टवेअरच्या कंपनीत होता, मित्राच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला आला होता. त्याची स्वतःची ख्रिस्ती मंडळी उपासनेला एका भाड्याच्या हॉलमध्ये जमायची. तिथे पुस्तक नव्हतं. मनात येईल ते बोलायचं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. मग उपासना संपली की दोघं पायऱ्यांवर वाद घालत.

“रोज तीच प्रार्थना… देव कंटाळत नसेल?”

“तुमची आई रोज ‘जेवलास का’ विचारते. कंटाळता?”

“नाही. पण कधीतरी ती वेगळंही विचारते—”

“काय?”

“सून कधी आणतोस?”

नम्रता पावसाकडे बघत राहिली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

एकदा ती त्याच्या हॉलमध्ये गेली. गोलात बसून एकेकजण प्रार्थना करत होता. तिची पाळी आली… ओठ हलले, शब्द फुटेना. चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत चाळीस मुलांना शिकवणारी नम्रता!

“मनातलं मला बोलताच येत नाही,” परतताना ती म्हणाली.

“मग माझ्याबद्दल तुझ्या मनात काय आहे, ते मला कसं कळायचं?”

आठवड्याभरात त्याला कंपनीने दोन वर्षांसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं.

निघण्याआधीचा रविवार आला. त्या चर्चमध्ये एक रीत होती. इतरांसाठी करायच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाळकसाहेब थोडं थांबत. कुणीही आपली विनंती मोठ्याने सांगायची आणि मग सर्वांनी एकच ओळ म्हणायची. कुणी आजाऱ्यासाठी विनंती केली, कुणी परीक्षेसाठी. मग जयसिंगचा आवाज आला—

“प्रभू, मंगळवारी मी चाललो. त्याआधी नम्रताने मला हो म्हणावं.”

“हे प्रभू, आमची विनंती ऐक,” सवयीने सगळी मंडळी म्हणाली. आणि मग आपण काय मागितलं ते त्यांच्या ध्यानात आलं! पुढच्या बाकावरून नम्रताच्या वडिलांनी सावकाश मान वळवली.

जयसिंग मात्र एकच आवाज शोधत होता. तो त्या ओळीत नव्हता. त्याने मान खाली घातली.

नम्रताने पुस्तक मिटलं. लहानपणापासून हजारदा म्हटलेली ओळ. आज पहिल्यांदाच ती एकटीने म्हणाली, हळू, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी:

“हे प्रभू… आमची विनंती ऐक.”

जयसिंगने वर पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

पाळकसाहेब खाकरले. “आणखी कुणाची विनंती?”

तेव्हा नम्रताची सात वर्षांची भाची अपेक्षा बाकावर चढली, डोळे घट्ट मिटले, हात जोडले आणि म्हणाली, “प्रभू, आत्याच्या लग्नात मला फुलं घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचंय.”