चेंडूवाल्यांना मारलेली हाक

दार लावून घ्या रे. किटलीत अजून कॉफी आहे, ओतून घ्या. ही गोष्ट ऐकीव नाही. वीजघरातला आपला पाविआ, त्याच्यावर गुदरलेली आहे.

मागच्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. चंद्र नव्हता, वारा पडलेला. पाविआला आकाशाचा नाद, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक. काढलेले फोटो तो कोपनहेगनच्या आकाशप्रेमी मंडळाला पाठवायचा. एकच फोटो त्याला काही केल्या मिळत नव्हता. आपला हिवाळ्यातला ध्रुवीय उजेड बरोबर डोक्यावर आला की त्याचा मुकुट होतो, किरणं चहूकडून खाली झरतात, तो. वस्तीतले दिवे आड येतात, म्हणून सीलचं सूप पिऊन तो कबरस्तानामागच्या टेकाडावर निघाला. एकट्याला सोडायला बायको तयार होईना, तिनं आपला भाऊ सोबत धाडला. एनोक.

वर गेल्यावर पाविआनं ट्रायपॉड रोवला, कॅमेरा चढवला. आधी हिरवा पट्टा उमटला. मग सगळं आकाशच हलायला लागलं.

"दाजी, आटपा की!" एनोक पाय आपटत होता. "बोटं गळून पडली तर उद्या मासे काय दातांनी ओढू?"

"नाचू नकोस रे! फोटो हलतो."

आपली म्हातारी माणसं या उजेडाला चेंडूवाले म्हणतात. मेलेले लोक वॉलरसच्या कवटीचा चेंडू करून वर खेळतात म्हणे. एनोक आपल्या फुटबॉल संघाचा फॉरवर्ड, आणि जिभेला हाड नाही. तोंडाभोवती हात धरून ओरडला, "ए मेलेल्यांनो! खेळताय की झोपा काढताय? पास द्या की इकडं!"

आणि पायाजवळचा बर्फाचा गोटा त्यानं लाथेनं उडवला. गोटा उतारावरून गडगडत अंधारात गेला. पाविआला हसू आलं.

गोटा परत आला.

चढ चढून आला. एनोकच्या बुटाला टेकला आणि थांबला.

"कोण आहे रे तिकडं?"

खाली वस्तीत बांधलेली कुत्री एरवी रात्रभर गळा काढतात. त्यांचा आवाज नाही.

"आपल्यातलंच कुणीतरी असणार. थट्टा करतंय," एनोक म्हणाला. त्यानं पुन्हा लाथ घातली. सगळा जोर लावून.

पुन्हा आला. या वेळी पाविआच्या कानाजवळून सणसणत गेला.

"एनोक, चल."

"थांबा हो दाजी, बघतोच त्याला..."

"चल म्हणतो ना!"

तेवढ्यात उजेड डोक्यावर आला. मुकुट. ज्याच्यासाठी पाविआनं इतके हिवाळे काढले, तोच. पण त्याच्यानं बटण दाबवेना. किरणं खाली येत होती... आणखी खाली. आणि भोवतालचं बर्फ करकरत होतं. पावलांखाली करकरतं तसं. चारी बाजूंनी. दिसत मात्र कुणीच नव्हतं.

"दाजी..."

एवढंच बोलला एनोक.

या खेपेला त्यानं काही उडवलं नव्हतं. तरी आलं. नडगीवर. लाकूड फुटावं तसा आवाज झाला.

पाविआनं त्याला कॉलरला धरलं आणि ओढत सुटला. कॅमेरा तिथंच राहिला. मागून कुणी ओरडलं नाही. हसलंसुद्धा नाही. नुसती पावलं. जवळ... आणखी जवळ... पार कबरस्तानाच्या कुंपणापर्यंत. तिथं थांबली.

एनोकला हेलिकॉप्टरनं हॉस्पिटलात नेलं. हाडाचे तुकडे झाले होते. आता चालतो, पण लंगडत. पाविआ अंधार पडला की पडदे ओढून घेतो. त्या आकाशाकडं पुन्हा त्यानं मान वर केलेली मी पाहिली नाही.

कॅमेरा आणायला सकाळी मी गेलो. वर त्या दोघांच्या बुटांचे ठसे, एनोकला ओढल्याची रेघ. बाकी बर्फ कोरं. ट्रायपॉड कॅमेऱ्यासकट आडवा पडलेला. त्याचे तिन्ही पाय जुळवून सीलच्या कातड्याच्या वादीनं आवळून बांधले होते. आयुष्यभर मी गाठी मारतोय, पण तसली गाठ कधी पाहिली नाही.

थंडी अशी, की थुंकलेलं जमिनीवर पडायच्या आत गोठावं. मी हातमोजा काढला. वादीला हात लावला.

ओली होती...

आणि कोमट.