एक्कावन्नावी नटी

अमेरिकेतल्या रिचमंडच्या आमच्या कारखान्यात सिगारेटच्या प्रत्येक पाकिटात एक कार्ड घालायचं असे. पाकीट चेपू नये म्हणून आधी ते कोरंच असायचं. मग मालकांनी त्यावर नट्या छापल्या. पन्नास नट्यांचा संच, प्रत्येकीखाली नंबर. शिकलेल्या मुली नंबर बघून कार्डं लावत. मी अक्षर शिकले ते पन्नाशीत. तेव्हा मी तोंडं ओळखून लावायची.

शेजारी बसणारी ओडेलिया त्या वर्षी वसंतात तापानं गेली. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. वाकडी कापली गेलेली कार्डं आम्हाला घरी नेता येत. ती मी दर रविवारी तिच्या आईला, प्रुइटबाईंना, देऊ लागले.

"तिचं तोंड मला आठवेनासं झालंय, टेंपी," असं म्हणत त्या कार्डं पलंगावर मांडायच्या. "नाक या भवानीचं घे. हनुवटी हिची. डोळे त्या टोपीवालीचे."

"टोपीवाली तिरळी आहे, बाई."

"माझी पोरगी तरी कुठं सरळ बघायची?"

ऑगस्टात माझ्या गठ्ठ्यात एक कार्ड जास्त निघालं. त्याला नंबर नव्हता. त्यावर ओडेलिया होती, ओठ मिटलेली. दारावर झडती असे, म्हणून मी ते बुटात घालून नेलं.

प्रुइटबाईंनी ते खिडकीपाशी धरलं. खूप वेळ.

"हीच," त्या म्हणाल्या. "पण हसत का नाही?"

मी पलंगाकडे पाहिलं. जुनी कार्डं तशीच मांडलेली होती. पहिल्या नटीला नाक नव्हतं. खोडलेलं नव्हतं, खरवडलेलं नव्हतं. तिथं नुसती गुळगुळीत कातडी. दुसरीचा चेहरा ओठांखाली संपला होता. टोपीखाली डोळे नव्हते.

बाईंनीही ते पाहिलं असावं. त्यांनी कार्डांवर चादर ओढली.

"तुम्ही दोघी अगदी सारख्या हसायच्या," त्या हळूच म्हणाल्या. "मी तुला हस म्हणणार नाही, पोरी."



मी हसले.

त्यांनी कार्ड माझ्याकडे वळवलं. ओडेलियाचे सगळे दात दिसत होते.

"आलीस गं," बाई तिला म्हणाल्या.

मला फार बरं वाटलं.

त्याला आता बावन्न वर्षं झाली. नातवंडं काही गंमत सांगतात तेव्हा मी टाळी वाजवते, म्हणजे मला मजा वाटली हे त्यांना कळतं.