दोन बोटं

कराडच्या पुढे हायवेवरच्या हॉटेलात मिसळ खाऊन श्रीनिवास टिपणीस बाहेर आले आणि त्यांना स्वतःची गाडी सापडेना. पार्किंगमध्ये चौदा गाड्या उभ्या होत्या आणि चौदाही एकाच कोंबडीनं घातल्यासारख्या दिसत होत्या. गोल नाक, गोल पाठ, मधे कुठे धार नाही की कोपरा नाही. शेवटी त्यांनी खिशातली किल्ली दाबली, तेव्हा रांगेतल्या नवव्या अंड्यानं दिवे मिचकावले. पस्तीस वर्षांपूर्वी ‘शलाका’ नावाची स्पोर्ट्स कार रेखाटून ज्यांनी नाव कमावलं, त्यांच्यावर ही वेळ आली होती.

हा सगळा रुचिपत्र्याचा प्रताप. रुचिपत्रा म्हणजे आपला आकार आपणच बदलणारा पत्रा. त्याच्या पोटात राईएवढे हजारो कॅमेरे असतात आणि तितकेच चिमुकले स्नायू. रस्त्यावरचा माणूस गाडीकडे बघतो तेव्हा त्याची नजर कुठे रेंगाळली, कुठून निसटली, हे पत्रा टिपून घेतो आणि गाडी उभी असताना स्वतःला केसभर बदलतो. जे आवडलं ते वाढवायचं, जे खुपलं ते पुसून टाकायचं. दहा वर्षांत सगळ्या कंपन्यांनी हाच पत्रा घेतला आणि सगळ्या गाड्या कुणालाच न खुपणाऱ्या एका आकारावर येऊन थांबल्या. लोक खूश होते. लोकांबद्दल टिपणिसांचं मत आधीपासूनच फारसं बरं नव्हतं.

त्यांची स्वतःची शलाका जुन्या पोलादी पत्र्याची होती. आठ वर्षांपूर्वी, अकरा शलाका नापसंत करून, त्यांनी ती बेळगावच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. बाकी अकरांवर कुणी ना कुणी काहीतरी चिकटवलेलं होतं, ही तेवढी निर्मळ. गेल्या वर्षी तिच्यावर गुलमोहराची फांदी कोसळली, आणि दुसरं काही मिळत नाही म्हणून गॅरेजनं तिला रुचिपत्रा चढवला. पुण्याच्या रस्त्यांनी सहा महिन्यांत तिचं अंडं केलं.

या पत्र्याला कुलूप घालायची सोय होती. एकदा हवा तो आकार दाखवला आणि कुलूप घातलं की तो पुन्हा हलत नसे. पण दाखवायला मूळ आकार होता कुणाकडे? उरलेल्या शलाका भंगारात गेल्या होत्या. कंपनी विकली गेली होती आणि नव्या मालकांनी जुने आराखडे ठेवले नव्हते. फोटोंवरून आकार काढणाऱ्या संगणकानं न दिसणारे भाग लोकांच्या आवडीनं भरले आणि टिपणिसांच्या हातात पुन्हा अंडंच ठेवलं. इकडे रविवारी पुण्यात वाहनांचं संग्रहालय उघडायचं होतं. दारातच त्यांची ही शलाका उभी राहणार होती आणि तिच्यापुढे पितळी पाटी : ‘रचना : श्रीनिवास टिपणीस’. आज गुरुवार होता.

म्हणून फोनवर सगळं सांगून ते कोल्हापूरला निघाले होते, उद्यमनगरातल्या दस्तगीर शिकलगारांकडे. शिकलगार बॉडीकिट बनवायचे, म्हणजे कंपनीच्या गाडीवर हौसेनं चढवायचे फायबरचे बंपर, झालरी आणि पंख. या जमातीबद्दल टिपणिसांनी एकदा मासिकात लिहिलं होतं, ‘ही मंडळी नवरीच्या नाकात नथ घालतात, मग दुसऱ्या नाकपुडीतही घालतात, आणि तरी काहीतरी कमी वाटतं म्हणून तिला मिशा काढतात.’

शिकलगारांच्या शेडच्या भिंतींवर तो सगळा बाजार टांगलेलाच होता. विमानाला शोभतील असे पंख, जबडा वासलेले बंपर, कशासाठी आहेत हे देवालाही सांगता येणार नाही अशी भोकं. टिपणिसांनी नाक मुरडलं.

“या साहेब,” दस्तगीर मिस्त्री म्हणाले. साठी उलटलेला माणूस, कोपरापर्यंत फायबरची पांढरी धूळ. “मिशांचा लेख वाचला हुता आमी. कातरण ठेवलंय जपून. गिऱ्हाईक वाचून हसतंय, आन मग मिशा लावूनच घेतंय.”

“आश्चर्य नाही. हे विकत घेणाऱ्याला वाचता येतं, हेच पुष्कळ आहे.”

“कंपनीची गाडी म्हंजे शाळेचा गणवेश, साहेब. शाळा सुटल्यावर मान्सानं आपली कापडं घालावीत.”

या माणसाशी वाद घालणं म्हणजे आपली पायरी सोडणं, असं टिपणिसांना वाटत होतं. ते आले होते ते एकाच कारणासाठी. गाडीला नवं अंग द्यायचं तर आधी मूळ अंगाचा साचा काढावा लागतो, आणि शिकलगारांनी शलाकेचा नाकापासून शेपटीपर्यंत साचा काढला होता. जगात कुठे मूळ शलाका उरली असेल, तर ती याच शेडमध्ये.

मिस्त्रींनी मागच्या बाजूची ताडपत्री ओढली. खाली शेजारी शेजारी दोन कवचं होती, दोन्ही करड्या रंगाची.

“एक कंपनीच्या गाडीवरनं जशीच्या तशी काढलेली. दुसरीवर मी हात चालवलाय. तुमची कुठली, ते तुमीच वळखा.”

टिपणीस हसले. दारावरून मागच्या चाकाकडे जाणारी जी रेघ असते तिला ते कंबर म्हणत. शलाकेच्या कंबरेवर त्यांनी आयुष्यातले अकरा महिने घालवले होते. त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या कवचावरून हात फिरवला, मग उजव्यावरून. क्षणभरही लागला नाही.

“ही उजवी माझी. त्या डावीची कंबर बघा, पंगतीतून उठल्यासारखी सुटली आहे. यालाच हात चालवणं म्हणता का, मिस्त्री?”

“नक्की?”

“सही आहे माझी तिच्यावर. मागच्या बंपरच्या खाली, आतल्या कडेला मी ‘श्री’ कोरलं होतं. कंपनीलासुद्धा पत्ता नव्हता. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक शलाकेवर ते उमटलंय.”

ते गुडघे सांभाळत खाली बसले आणि उजवीच्या मागच्या बंपरखाली बोटं घातली. कडा गुळगुळीत होती. त्यांनी पुन्हा चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ते डावीकडे सरकले. पहिल्याच प्रयत्नात बोटाला ‘श्री’ लागलं, वेलांटीसकट.

ते तिथेच जमिनीवर बसून राहिले. मिस्त्री हसले नाहीत.

“काय केलंत तुम्ही तिला?”

“मागच्या चाकापाशी कंबर दोन बोटं वर उचलली. तिला जुळंल असा मागचा बंपर नवा केला. बाकी कायबी न्हाई. पळाय निघालीय आन मागनं कुणीतरी धरून ठिवलीय, असं वाटायचं मला.”

“पण माझ्या हाताला...” टिपणिसांचा आवाज खाली आला. “आठ वर्षं रोज पुसायचो मी माझी गाडी. मला ती कंबर पाठ आहे.”

“तुमची गाडी बेळगावच्या डाक्टरांची न्हवं?” मिस्त्रींनी हळूच विचारलं. “तिची कंबर मीच पत्रा ठोकून उचलली हुती. मागचा बंपरबी हितलाच.”

टिपणिसांना स्वतःची भयंकर लाज वाटली. अकरा शलाका त्यांनी नाक मुरडून नाकारल्या होत्या. जी घेतली तिच्या बंपरखाली हात घालून बघायची गरजच काय, असं वाटलं होतं. दारात उभं राहून ते आल्यागेल्याला ऐकवायचे, की बघा, जिला कुणी हात लावला नाही अशी गाडी कशी दिसते. बाहेर उन्हात त्यांचं अंडं उभं होतं. दहा लोकांच्या नजरेनं घडतो म्हणून रुचिपत्र्याला ते कुचकं बोलत. त्यांची स्वतःची नजर आठ वर्षं कुणाच्या हातानं घडत होती?

“तुमची सही कुठे आहे हिच्यावर?” त्यांनी विचारलं.

“आमच्या कामावर कोण सही करतंय, साहेब?” मिस्त्रींनी हात देऊन त्यांना उभं केलं. “बोला. पत्र्याला कुठली दाखवू? कुलूप पडलं की मग बदल न्हाई.”

टिपणिसांनी तोंड उघडलं. उत्तर सोपं होतं, सही होती ती त्यांची. पाटीवर नाव कुणाचं आहे हेही ठरलेलं होतं. पण उभं राहताना आधारासाठी टेकवलेला त्यांचा तळहात उजवीच्या कंबरेवर होता आणि तिथून तो निघायला तयार नव्हता. आता खरं कुणाचं मानायचं, सहीचं की हाताचं?