शुंपेईच्या वाट्याचं चॉकलेट

पहिल्या भेटीत शुंपेई मेरिसाच्या पायाशी पडला. म्हणजे खरोखरच पडला. उताणा, एक बूट हवेत, टोपी शेजारच्यांच्या कुंपणात.

दोष त्याचा नव्हता. रात्रभर बर्फ पडला होता आणि दारापुढच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या. त्रिनिदादहून जपानात इंग्रजी शिकवायला आलेल्या मेरिसाने आपल्या परीने विचार केला, बर्फ म्हणजे काय, गोठलेलं पाणीच ना? मग ओता त्यावर गरम! किटलीवर किटली ओतली. पायऱ्या लख्ख झाल्या, बाई खूश होऊन चहा प्यायला आत गेल्या. तेवढ्यात त्या पाण्याची काच झाली आणि निरोपांची फळी घेऊन शेजारचा तरुण वर चढायला गेला. कचरा कधी न्यायचा, सणाची तयारी कोणी करायची, हे सगळं त्या गल्लीत अजून त्या फळीवरूनच घरोघर फिरतं.

"मेलात का?" मेरिसा दारातून ओरडली. घाबरल्यावर तिला जपानीत एवढंच सुचलं.

"अजून नाही," तो आभाळाकडे बघत म्हणाला. "गरम पाणी?"

"...हो."

"वाटलंच. तुमच्या आधीच्या इंग्रजीच्या सरांनीही ओतलं होतं. तेव्हा पोस्टमन पडला. यंदा माझा नंबर."

तो उठला, कपडे झटकले, लंगडत घरी गेला आणि फावडं घेऊन परत आला. "हे ठेवा. बर्फाचे लाड करायचे नाहीत. सरळ उचलायचं आणि बाजूला टाकायचं."

"माणसांशीही असंच वागता का?"

त्याचे कान लाल झाले. "थंडी फार आहे," तो म्हणाला.

नवीन वर्ष लागलं आणि मेरिसाची प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत बदली झाली. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत, शेजारच्या टेबलाशी कोण, तर शुंपेई! अंगात फुलाफुलांचा ॲप्रन. मुलांना स्वयंपाक आणि शिवण शिकवायचा तो.

"पाय कसा आहे?" तिने विचारलं.

"तुमची आठवण काढतो."

बोलून तोच इतका दचकला, की दिवसभर वहीतून त्याने डोकं वर काढलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मेरिसाच्या टेबलावर हात शेकायची एक गरम पुडी असायची. कोणी ठेवली, ते ती विचारायची नाही... आणि तो सांगायचा नाही.

अशात मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. "मेरिसा-सेन्सेई," ते म्हणाले; शिक्षकांना इथे अशीच हाक मारतात. "पुढच्या वर्षी राहणार की परत जाणार? बर्फघरांचा सण झाला की सोमवारी सांगा."

घरून आईचा फोन रोजचाच. "ये गं बाई परत. इथे कार्निव्हलची गाणी सुरू झालीत, आणि तू तिथे गोठत बसलीयस. कोण आहे तुझं तिथे?"

कोण आहे! पुडी ठेवणारा एक माणूस आहे, पण तो तोंडाने काही बोलत नाही, हे आईला कसं सांगायचं? मेरिसाने ठरवलं, आपणच विचारायचं. तोंडाने नाही, तर चॉकलेटने. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला इथे बायकांनी पुरुषांना चॉकलेट द्यायचं असतं, एवढं तिला कळलं होतं. एवढंच कळलं होतं, हीच तर अडचण.

"तुमच्या वर्गातली शेगडी मिळेल का? चॉकलेटं करायचीत."

शुंपेईच्या हातातली सुई थांबली. "हाताने?"

"हाताने."

"कोणासाठी?"

"गुपित!"

मग बिचाऱ्याने तिला सगळं शिकवलं. चॉकलेट पाण्याच्या वाफेवर कसं वितळवायचं, कधी खाली उतरवायचं, सगळं. बदामाच्या आकाराचे साचेही दिले. शिकवताना एकदा तिच्या बोटावरून बोट सरकलं, तेव्हा दोघंही चॉकलेटकडेच बघत राहिली... आणि ते जळलं.

चौदा तारखेला मेरिसाने खोलीभर चॉकलेटचे बदाम वाटले. मुख्याध्यापकांना दिला, गणिताच्या सरांना दिला, निवृत्तीला टेकलेल्या उपमुख्याध्यापक ओयामांनाही दिला. खोलीत अशी शांतता पसरली, की स्टोव्हवरच्या किटलीचा आवाज मोठा वाटायला लागला. ओयामांनी बदामाकडे पाहिलं, मग ते उभं राहून कमरेत वाकले. "मेरिसा-सेन्सेई... मी आभारी आहे. पण मी लग्न झालेला माणूस आहे."

ती हसली. म्हातारबुवा विनोदी आहेत, असं तिला वाटलं. मग तिने शुंपेईपुढे चॉकलेटचं एक पाकीट ठेवलं. मोठ्या शहरातल्या दुकानातलं, सोनेरी दोऱ्याचं. त्याच्यासाठी ती भर हिमवादळात आगगाडीने जाऊन आली होती.

शुंपेईने ते दोन्ही हातांनी घेतलं. "धन्यवाद," तो म्हणाला. दुकानदाराला म्हणतात तसं. नंतर दिवसभर त्याचं टेबल रिकामंच होतं. दुसऱ्या सकाळी गरम पुडीही नव्हती.

"मला सर्दी झालीय," मेरिसा शाळेच्या नर्सबाई इतागाकी-सान यांच्याकडे जाऊन म्हणाली.

"डोळ्यांना होत नसते सर्दी. बस इथे. काय केलंस तू हे?"

"काय केलं? चॉकलेट दिलं!"

"अगं वेडे, दुकानातलं आणतात ते नुसतं रीत म्हणून. साहेबांना, सोबतच्यांना. हाताने करतात ते मनातल्या माणसासाठी. तू म्हाताऱ्या ओयामांना प्रेमपत्र दिलंस, आणि त्या पोराला पोचपावती! तीही त्याच्याच शेगडीवर, त्याच्याच साच्यात!"

मेरिसाने कपाळाला हात लावला. "आमच्याकडे घरचं सगळ्यांना वाटतात हो. जवळच्या माणसासाठी लांबून आणतात..."

"मला काय सांगतेस? सांग त्याला. आज सण आहे, गल्लीच्या बर्फघरात असेल तो, मुलांबरोबर."

बाहेर अंधारून येत होतं. रस्त्याच्या कडेने बर्फाची घुमटीसारखी घरं, प्रत्येकात दिवा. "आत या हो! गरम प्या हो!" मुली मोठमोठ्याने हाका मारत होत्या. मेरिसा वाकून आत शिरली. शुंपेई शेगडीवर तांदळाचे वडे भाजत होता. मागे, बर्फाच्या भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात पाण्याच्या देवापुढे संत्री मांडली होती. आणि संत्र्यांशेजारी... सोनेरी दोरा.

"माझं चॉकलेट देवाला?"

"माझ्यासाठी नव्हतं ना," तो वडा परतत म्हणाला. "सगळ्यांना तुमच्या हातचं दिलंत, मला तेवढं..."

"मागे काय लिहिलंय ते वाचलंत?"

त्याने देवाला नमस्कार केला, पाकीट उचललं, दिव्यापाशी नेलं. बराच वेळ लागला त्याला. "त्रिनिदाद."

"माझ्या आजोबांची कोकोची बाग होती तिथे. लहानपणी मी त्या झाडांखाली झोपायचे. या अख्ख्या प्रांतात माझ्या घरचं असं तेवढं एकच मिळतं. ते ओयामांना कसं देणार?"

त्याने तुकडा मोडला. अर्धा तिला दिला, अर्धा तोंडात टाकला. मुली हाका मारायच्या विसरून टक लावून बघत होत्या.

"कडू आहे," तो म्हणाला.

"थांबा जरा."

तो थांबला. हळूहळू त्याचा चेहरा बदलला. "...आता गोड."

"तर मग?"

"मेरिसा-सेन्सेई, आमच्यात पुरुषाला उत्तर द्यायला महिना मिळतो. मार्चमध्ये."

"मुख्याध्यापकांना माझं उत्तर सोमवारी हवंय."

वडा फुगला आणि फुस्सकन बसला. शुंपेईने तो उचलला नाही. "मग मी रीत मोडतो. राहा ना. इथेच... माझ्याजवळ. पुढच्या हिवाळ्यात तुझ्या दारात पडणार नाही, शपथ."

"आणि मी पुन्हा गरम पाणी ओतलं तर?"

"तर पडेन," तो म्हणाला. "वडा जळतोय," एक मुलगी म्हणाली.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत मेरिसाने शुंपेईकडे बघत "राहते" म्हणून सांगितलं. सगळ्यात मोठा सुटकेचा सुस्कारा ओयामांनी सोडला. त्यांनी घरी बायकोला तो बदाम दाखवला होता, आणि तेव्हापासून त्यांना गार सूप मिळत होतं.

संध्याकाळी पुन्हा बर्फ पडला. मेरिसाने दार उघडलं, तर खाली पायऱ्यांशी शुंपेई उभा. एका हातात निरोपांची फळी, दुसऱ्यात गरम पुडी. तो वर बघत होता, पण तिच्याकडे नाही, तिच्या हाताकडे.

"मेरिसा," तो म्हणाला, "आधी ती किटली खाली ठेव."