ठाकठीकच्या हातचं काम

डोकेदुखीच्या गोळ्या आणायला गेला होता तो. बाकी काही नाही. जानेवारीतला तिसरा शनिवार, रात्रीचे आठ वाजून वीस मिनिटं. वेळ मी बरोबर सांगतोय, कारण ती दुकानाच्या पावतीवर छापलेली होती, आणि ती पावती त्यानं पुढं कितीतरी दिवस खिशात बाळगली होती.

ठेवा रे ते मोबाइल जरा बाजूला. दोन दिवस डोंगरावर जायचं ठरवताय, निवांत पडायला, ते मघापासून माझ्या कानावर येतंय. जा की. मी कुठं नको म्हणतोय? आता नाही जाणार, तर काय माझ्यासारखे गुडघे धरून जाणार? फक्त खोली ठरवायच्या आधी एवढं ऐका. उडत उडत आलेली गोष्ट नाही ही. ज्याच्यावर गुदरली त्यानं माझ्याशेजारी बसून सांगितली. मी नळाची कामं करायचो, तो गॅसच्या गीझरची. एका पायरीवर बसून किती वर्षं डबे खाल्ले आम्ही.

नाव घेऊन काय करायचंय? सगळे त्याला ठाकठीक म्हणायचे. काम संपलं की हात पुसत म्हणायचा, "ठाकठीक!" बायकोनं विचारलं जेवण कसं झालंय, तरी ठाकठीक. बायको म्हणायची, "ह्यांना देवानं एकच शब्द दिलाय, आणि तोही उसना."

आणखी एक खोड होती त्याला. भिंतीला सिमेंट लावलं की शेवटचा हात थापीनं नाही, अंगठ्यानं फिरवायचा. अंगठ्यावर करवतीची आडवी जुनी खूण होती, ती प्रत्येक कामात उमटायची. आम्ही चिडवायचो, "याला सही येत नाही, म्हणून हा भिंतीला अंगठा देतो." हसायचा बिचारा. मनानं वाईट नव्हता. हे ध्यानात ठेवा. वाईट माणसाची गोष्ट सांगण्यात काय राम आहे?

तर सहल ठरवली त्याच्या लेकीनं. एकुलती एक. तेवीस वर्षांची, नुकती कामाला लागलेली. महिनाभर आधी कागदावर सगळं लिहून काढलं होतं पोरीनं. शुक्रवारी रात्री निघायचं. शनिवारी काहीही करायचं नाही. रविवारीही काही करायचं नाही, फक्त ते दुसऱ्या खिडकीत बसून करायचं. आणि खाली ठळक अक्षरात: बाबांनी हत्यारं आणायची नाहीत. याची सवय अशी की कुणाच्याही घरी गेला तरी गळका नळ दिसला की बाह्या सरसावल्याच. निघायच्या दिवशी पोरीनं त्याच्या पिशवीतून पाना काढला, पेचकस काढला, खिशातला टेस्टरसुद्धा काढून घेतला.

गावाचं नाव त्यानं पोरीला दोनदा विचारून घेतलं होतं. त्या गावात त्यानं अकरा वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. पण नको म्हटलं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. पोरीनं फोटो दाखवले. निळं घर, पांढऱ्या खिडक्या. असलं घर त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. मनाशी म्हणाला, गाव तेच असेना, घर तर वेगळंय. आणि वर म्हणाला, "ठाकठीक."

गाडी वाटेत रखडली, शनिवारी दिवस मावळता पोचले. दाट धुकं. गाडीनं मागच्या अंगानं, गोल वळसा घालून आणून सोडलं. एक खोली नवराबायकोला, आणि गॅलरीच्या टोकाची पोरीला. चढावर गाडी लागून बायकोचं डोकं धरलं होतं, म्हणून हा गोळ्या आणायला बाजारात उतरला.

दुकानदार बोलका होता. गोळ्या पुडीत बांधता बांधता म्हणाला, "उतरलात कुठं?"

"त्या वरच्या निळ्या घरात."

"अच्छा, अच्छा. आता मागच्या रस्त्यानं नेतात ना? पुढचा रस्ता खचला हो. पूर्वी पिवळं होतं ते घर. नवीन मालकानं रंग दिला, नाव बदललं. पण मोरीत ती पोरगी गेली, ते काय लोक विसरतात होय? आणि ती मावशी..." त्यानं चुकचुक केलं. "सुटे आहेत का?"

यानं सुटे दिले की नाही, त्याला आठवत नव्हतं.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी त्या पिवळ्या घरात गॅसचा गीझर यानंच बसवला होता. असा गीझर बंद मोरीत चालला की हवा विषारी होते. वास नाही, धूर नाही. माणसाला नुसती झोप आल्यासारखं होतं. म्हणून भिंतीत वर एक भोक ठेवावंच लागतं. यानं ठेवलं होतं. पण हिवाळ्यात जुना मालक म्हणाला, गार वारं येतं, लोक कुरकुर करतात, बुजवून टाक. आणि यानं बुजवलं. सिमेंट भरलं, वरून अंगठा फिरवला, म्हणाला ठाकठीक. मालकाचं मन मोडवेना, दुसरं काय.

आठव्या दिवशी एक नवी नवरी त्या मोरीत अंघोळीला गेली. ती बाहेर आलीच नाही.

मालकानं आधी याला फोन केला, हा तेव्हा गावातच दुसऱ्या कामावर होता, आणि मग पोलिसांना. त्या दोन फोनांच्या मधल्या वेळात यानं छिन्नीनं सिमेंट फोडलं. भोक मोकळं केलं. आणि त्यात फडकं कोंबलं. निळ्या चौकड्यांचं फडकं. घर झाडणाऱ्या-पुसणाऱ्या मावशीचं. ती मावशी, जी काम करताना याला न मागता चहा आणून द्यायची आणि शेजारी बसून म्हणायची, "सावकाश घे रे बाबा, जीभ भाजेल."

चौकशीत हा म्हणाला, "मी भोक ठेवलं होतं साहेब. मावशीनं वाऱ्यासाठी फडकं कोंबलं असेल." मावशी सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. "मी नाही रे बाबांनो. तिथं सिमेंट होतं. मी डोळ्यांनी बघितलंय." कोण ऐकतंय? काम गेलं. लेकीकडं गेली, तर जावयानं दार लावून घेतलं. म्हणाला, माणूस मारलेली बाई माझ्या घरात नको. त्याच हिवाळ्यात मावशी गेली. आजार काही नव्हता. घास उतरत नव्हता, एवढंच.

तर हा दुकानातून निघाला. आधी चालत. मग पळत. पोचला तेव्हा आठ पस्तीस.

बायको पायरीवर शाल गुंडाळून बसली होती. "अहो, पळताय काय? कुत्रं लागलं मागं?"

"पोरगी कुठाय?"

"अंघोळीला गेलीय."

"कधी?"

"तुम्ही गेलात तेव्हाच. काय झालं?"

गॅलरीच्या टोकाची खोली. मोरी तीच. दार आतून बंद. आत पाणी वाहत होतं. यानं हाक मारली. एकदा. दोनदा. दारावर मुठी आपटल्या. पाणी वाहतच होतं. बायकोनं पोरीच्या नावानं टाहो फोडला, तसा घराचा राखणदार धावत आला. दोघांनी खांदे लावले. दार जुन्या लाकडाचं, जाड. हलेना.

मग अगदी दाराला लागून, आतून कुणीतरी हळूच विचारलं...

"ठाकठीक?"

पोरीचा आवाज नव्हता.

हा मागच्या बाजूला धावला. सिलिंडर बाहेर होतं. बंद केलं. नळीच उपटून काढली. तरी आत गीझरची भुरभुर चालूच. गॅस नाही आणि जाळ चालू. मनात म्हणाला, भोक. भोक तर मोकळंय. मी माझ्या हातानं फोडलंय. राखणदारानं बॅटरी वर मारली.

भोक बुजवलेलं होतं.

सिमेंटनं. ताज्या. बॅटरीच्या उजेडात चकाकत होतं. आणि त्यावर अंगठा. आडवी खूण असलेला.

हत्यार काही नाही. खिसे चाचपले, नुसती पुडी आणि पावती. हत्यारं पोरीनंच काढून घेतलेली. तो बादली पालथी घालून चढला आणि नखांनी उकरायला लागला. ओलंच होतं. मूठभर बाहेर काढलं. भोक भरलं. पुन्हा काढलं. पुन्हा भरलं. आतून कुणीतरी लिंपत होतं. सावकाश. बोटांच्या मऊ हालचाली हाताला लागत होत्या.

तो भिंतीला तोंड लावून पुटपुटला, "मावशी... चुकलं माझं. सोड तिला."

लिंपणं थांबलं.

"मला नको सांगू."

एवढंच. मग पुन्हा... सावकाश...

त्याला कळलं. त्यानं मागं वळून बघितलं. मागं बायको उभी होती. तीस वर्षांची सोबत. तिच्या नजरेत याच्याइतका सरळ माणूस जगात नव्हता. राखणदार होता. शेजारच्या घरातली दोन माणसं येऊन उभी राहिली होती.

आणि पोरांनो, त्याची जीभ उचलेना.

आत पोटची पोरगी. आणि याला लाज वाटली. किती वेळ? तो म्हणायचा, चार श्वास. चार श्वास मी माझी अब्रू धरून उभा राहिलो.

आत काहीतरी पडलं. धप्प.

मग तो ओरडला. "मी बुजवलं होतं! मी! सिमेंट मी भरलं, फोडलं मी, फडकं मी कोंबलं! मावशीनं काही केलं नव्हतं! ती नवरी माझ्यामुळं गेली, आणि मावशीही माझ्यामुळं गेली!" अख्ख्या उतारावर आवाज गेला. धुक्यातल्या खिडक्या उघडल्या.

भिंतीतून सिमेंटचा गोळा अख्खा सुटून त्याच्या ओंजळीत पडला. गीझर विझला. आणि आतली कडी... आपली आपण... खाली पडली.

पोरगी वाचली. दोन दिवस दवाखान्यात नाकाला नळी लावून पडली होती, पण वाचली. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. हा उशाशी बसलेला. यानं हात पुढं केला. तिनं आपला हात पांघरुणात ओढून घेतला.

"मला उठता येत नव्हतं बाबा," म्हणाली. "पण ऐकू येत होतं. सगळं."

यानं पुढं केलेला हात मागं घेतला.

"ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला झोप येत होती, तर गालावर चापट्या मारत होती. म्हणत होती, झोपू नकोस गं. तुझा बाप काय म्हणतो ते ऐक. ऐकून झालं की जा."

...

मला आधी वाटायचं, मावशीनं जीव वाचवला, म्हणजे माफ केलं. म्हातारा झालो तसं समजलं. तिला पोरीचा जीव नकोच होता. तिला पोरीचे कान हवे होते.

तो खाली आला तो थेट चौकीत गेला. सगळं लिहून दिलं. मावशीच्या लेकीच्या दारात जाऊन डोकं टेकलं. तिनं ऐकून घेतलं, पाणीही विचारलं नाही. शिक्षा व्हायची ती झाली. भोगून आला. पण खरी शिक्षा ती नव्हती. पोरगी दवाखान्यातून परस्पर दुसऱ्या गावी गेली. बायको तिच्याकडं गेली. हा दर महिन्याला लेकीच्या दारात जाऊन उभा राहायचा. आत हालचाल कळायची. भांडी वाजायची. दार उघडायचं नाही. मावशीला जावयानं लावलं होतं, याला पोटच्या लेकीनं लावलं.

सात वर्षं गेला तो त्या दारात. गेल्या थंडीत आटोपला. मी जवळ होतो. शेवटी घास उतरत नव्हता. आजार काही नव्हता.

जायच्या आधी त्यानं मला उशाखालून हा डबा दिला. घाबरू नका, पुढं या. उजेड करा जरा. हा तो गोळा. त्या रात्री त्याच्या ओंजळीत पडलेला. त्याच्यावरचा अंगठा दिसतोय ना? ही आडवी खूण, करवतीची.

आता मला सांगा, तुम्ही शिकलेली पोरं. मी आयुष्यभर सिमेंटात हात घातलाय. रात्री लावलं की सकाळी दगड होतं. याला दहा वर्षं झाली. डबा कोरडा, आत गुंडाळलेलं फडकं कोरडं, माझ्या खोलीत कधी ओल नाही.

लाव बोट. लाव रे. असं, अंगठ्याच्या शेजारी, हलकं...

बघितलंस?

पुसू नकोस कपड्याला. डाग जात नाही.