म्हाताऱ्याची जागा

पोर्तोव्हिएहो शहरातून सुटलेल्या बसमध्ये नेरेइदाशेजारची खिडकीची जागा एका बाहुल्याने अडवली होती. माणसाएवढा, भुसा भरलेला, डोकं अजून बसवायचं होतं. दांड्याला लोंबकळणाऱ्या तरुणाने अदबीने विचारलं, “तुमचे हे... कुठे उतरणार?”

“शाळेपाशी. सरत्या वर्षाचा म्हातारा आहे, एकतीस तारखेला जळणार.” नेरेइदाने हसू दाबलं. “तिकीट काढलंय मी त्याचं.”

“आणि डोकं?”

“ते उद्या. तपासणीला कोणी साहेब यायचाय, त्याच्यासारखं करू — आंबट तोंडाचं.”

तो असा खळखळून हसला, की तिला तो आवडूनच गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात तोच उभा. फाब्रिसियो सांब्रानो, तपासणी अधिकारी. नेरेइदाबाईंना कालचं ‘आंबट तोंड’ आठवलं. बाई फळ्यावरचं उतरवून द्यायचं सोडून पोरांकडून बाहुल्या शिवून घेतात, अशी पालकांची तक्रार होती. अहवाल वाईट गेला, तर पुढच्या वर्षी हा वर्ग तिच्याकडे राहणार नव्हता.

आता माघार तरी कशी घ्यायची? तिने ठरलेला तास घेतला. कोपऱ्यात म्हातारा बसला होता, पोरांनी सकाळीच बसवलेल्या आंबट तोंडाच्या डोक्यासकट. जळण्याआधी म्हातारा मृत्युपत्र ठेवून जातो, गावातल्या प्रत्येकाला काहीबाही देऊन, चिमटे काढत. एरवी ते मोठी माणसं लिहितात, इथे पोरं लिहीत होती. दोन ओळींत कंटाळणारा मायकोल आज मान वर करत नव्हता. मुख्याध्यापिकाबाईंना म्हाताऱ्याचं घोरणं मिळालं, पाववाल्याला खरं वजन. वर्गात नुसतं बघत बसायचं नाही, हा बाईंचा नियम, म्हणून मायकोलने साहेबांनाही पेन्सिल दिली. साहेब ती चावत बसले, कागद कोराच.

मधल्या सुट्टीत नेरेइदा वर्गाबाहेर भिंतीपाशी उभी होती. तेवढ्यात फाब्रिसियो आला.

“अहवाल सही करून दिला. घंटा झाली तरी एकही पोर उठलं नाही, असं लिहिलंय. वर्ग तुमचाच राहील, काळजी करू नका.”

तिने भिंतीला पाठ टेकली. केवढं ओझं उतरलं... डोळे भरून आले.

“आणि ते... आंबट तोंड?”

“पाहिलं मी. नाक माझ्यापेक्षा बरं जमलंय.” मग तो घुटमळला. “आता सही झाली, तेव्हा माझी ओळ लिहायला हरकत नाही.”

सुट्टीनंतर मायकोलने ती खणखणीत आवाजात वाचली: “बसमधली माझी जागा मी साहेबांना देतो. बाईंची ना नसेल तर.”

सगळा वर्ग बाईंकडे बघत राहिला. बाईंनी फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता.

संध्याकाळी बस भरली होती. फाब्रिसियो दांडा धरून उभा राहिला. नेरेइदाने खिडकीच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि पाय आवरून वाट दिली.

“बसा ना,” ती म्हणाली. “तिकीट काढलंय मी तुमचं.”