हिरवी वायर

तुमचा विश्वास बसला नाही तरी चालेल. मी स्वतः शिक्षिका आहे, असल्या गोष्टी मीही हसण्यावारी न्यायची. पण ही माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे. आणि ज्यांच्या हातावर बेतली, ते आत्ता बाजूच्या खोलीत बसलेत.

मागच्या मे महिन्यातला रविवार. गाव सौसर. रात्र नव्हती... भर दुपार होती.

माझे मिस्टर, वीरेंद्र, मोहगावच्या शाळेत विज्ञान शिकवतात. आम्ही देवकाबाईंच्या अर्ध्या घरात भाड्यानं राहायचो. भिंतीपलीकडच्या अर्ध्या भागात त्या एकट्या.

सुट्टीत वीरेंद्रनी घरीच स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता. गाणी छान वाजायची. पण गाणं थांबलं की मागे एक बारीक आवाज उरायचा.

हंऽऽऽ...

"ग्राउंड लूप आहे," ते म्हणाले. "कॉम्प्युटरची अर्थिंग एका प्लगातून, अ‍ॅम्पची दुसऱ्या. दोघांच्या मधात करंट गोल फिरून राहिला. दोन्ही एकाच बोर्डात लावतो, जाते मग."

लावलं. उजवा स्पीकर शांत झाला.

डावा नाही.

त्यांनी कॉम्प्युटरची केबलच काढून टाकली. ट्रान्सफॉर्मर दूर सरकवला. आतला एक-एक जोड पुन्हा तपासला. काहीच फरक नाही. मी भाजी निवडत बसले होते. ऐकता ऐकता मला एक गोष्ट जाणवली...

तो आवाज मधेमधे थांबत होता.

थोडा थांबायचा. मग पुन्हा सुरू.

"अहो, हे श्वास घेतल्यासारखं वाटून राहिलं," मी म्हटलं.

"काहीही काय तृप्ती," ते म्हणाले. पण त्यांचा हात थांबला होता.

तोंड मिटून, दात आवळून कोणी हुंकार भरावा, तसा तो आवाज होता. त्यात राग होता. यंत्राच्या आवाजात राग कसा असेल, ते मला सांगता येणार नाही. पण होता.

त्यांनी अ‍ॅम्पचा प्लग भिंतीतून उपटला.

स्पीकर मुके झाले.

आवाज मात्र चालूच...

आता तो बोर्डातून येत होता. सॉकेटच्या वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकातून.

वीरेंद्रनी मेन स्विच पाडला. पंखा हळूहळू थांबला. घर इतकं शांत झालं की तो हुंकार अजूनच जवळ आल्यासारखा वाटला.

"राहू द्या ना," मी म्हटलं. "उद्या वायरमनला बोलवू."

"लाइट बंद आहे. काय होणार?" त्यांनी टेस्टर घेतला आणि बोर्ड खोलला.

आत लाल, काळी आणि हिरवी. हिरवी म्हणजे अर्थिंगची, जमिनीत जाणारी. ती सैल लोंबायला हवी होती. ती ताणलेली होती. सतारीच्या तारेसारखी ताठ.

त्यांनी ती स्क्रूतून सोडवली, बोटांभोवती गुंडाळली आणि हलकेच ओढली.

हुंकार थांबला.

मग वायर जिथून येत होती त्या भिंतीतल्या भोकातून, अगदी सावकाश, एक आवाज आला.

"ओढ... मी बी ओढतो."

पुढचं इतकं भरकन झालं... वीरेंद्रचा हात खाडकन भिंतीवर आदळला. वायर आत खेचली जात होती. बोटांत रुतत होती. ते पाय भिंतीला लावून मागे रेटत होते, पण वायर एक-एक वीत आत जातच होती. भिंतीवर रक्त ओघळलं. आतून हसल्यासारखं ऐकू येत होतं.

मी पक्कड उचलली आणि वायर तोडली.

उरलेलं टोक सळकन आत गेलं. साप बिळात शिरतो तसं.

आमचा आरडाओरडा ऐकून देवकाबाई धावत आल्या. त्यांनी वीरेंद्रच्या हाताला आपला पदर बांधला. मी रडत विचारलं, "काकू, या घराची अर्थिंग कुठं गाडली आहे?"

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.

"अर्थिंग? या घराले अर्थिंग नाई बाई. वायरमन आला होता एक डाव, खड्डा खणाले. आमच्या मालकानं खणू नाई देला. घरात कुठीसाच खणू नाई देला त्यानं कधी."

"का?"

"मले काय मालूम. विचारलं का मारे मले."

त्यांचे मालक, म्हणजे यजमान, कधीच वारले होते.

दोन बोटांचे स्नायू तुटले होते. नागपूरला ऑपरेशन झालं, तरी ती बोटं सरळ होत नाहीत. वीरेंद्र आता डाव्या हातानं फळ्यावर लिहितात. आम्ही रामाकोन्याला, त्यांच्या गावी राहायला आलो. देवकाबाईंनाही चला म्हटलं. त्या म्हणाल्या, घर सोडून कुठी जाऊ.

अधूनमधून मी त्यांना फोन करते. पावसाळ्यात एकदा त्या म्हणाल्या, "तुमच्या खोलीतली ते हिरवी वायर बाहीर येऊन राहिली."

"कोणी काढली?"

"कोनीच नाई. आपल्या आपण. काल बोटभर होती, आज हातभर आहे."

"काकू, तिला हात लावू नका. तुम्ही इकडं या."

"हव," म्हणाल्या. आल्या नाहीत.

परवा सकाळी त्यांचाच फोन आला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज हलका वाटला.

"बाई, मी ओढून पाह्यली आज. भेव नाई काही. एकदम ढिल्ली आहे, आली अख्खी निघून."

वीरेंद्रना ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन घेऊन अंगणात गेले.

"तिकून कोनी धरूनच नाई आता," त्या म्हणाल्या.

हे मी अजून वीरेंद्रना सांगितलेलं नाही. काल दिवसभर देवकाबाईंना फोन लावत होते. आज सकाळपासूनही लावते आहे.

रिंग जाते आहे...